महाप्रसाद लहान करा म्हणू नको, पाण्याचं काम मागून घे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. नाव-गाव टाकू नका म्हणाली, म्हणून थोडं कमी करून देते.

"ताई, आमच्या गावात दरवर्षी माघात भागवत सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन अन् महाप्रसाद, आजूबाजूच्या पाच-सहा गावचे लोक येतात. नळाचं पाणी पुरत नाही म्हणून शेतातल्या विहिरीवरून ट्रॅक्टरच्या टँकरनं पाणी आणतात, सातही दिवस मांडवात प्यायला तेच. मागच्या वर्षी महाप्रसादाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरोघरी हगवण-ओकारी लागली, आठवडाभर चाललं. माझ्या जावेच्या पोराला सलाईन लावावी लागली. तो तर फक्त कीर्तनाला गेला होता, जेवलाच नव्हता. म्हणून लोक म्हणतात का प्रसादाचा काही संबंध नाही, हवा बदलली म्हणून झालं. यंदा मी ग्रामपंचायतीत मेंबर झाली. मीटिंगमध्ये म्हटलं का यावर्षी महाप्रसाद लहान करू, तर सगळे अंगावर आले, 'देवाच्या कामात आडवी येऊन राहिली' म्हणे. माझे मामाजी, म्हणजे सासरेच, कमिटीचे अध्यक्ष आहेत, तवापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. आता शेजारच्या गावात गोवरचे पेशंट निघाले आणि माझी पोरगी सात महिन्यांची आहे. गर्दीनं आजार पसरतो हे खरं आहे का माझ्याच डोक्यात बसलं आहे? बोलू का गप्प राहू?"

बाई, तुझी भीती खोटी नाही, आधी हे सांगते. गर्दीतून आजार पसरतो आणि दीडशे वर्षांपासून हे लिहून ठेवलेलं आहे. पण मीटिंगमध्ये तू जे बोलली ना, महाप्रसाद लहान करू, तिथं चुकलं. तुझ्याच पत्रात आहे की पोरगा जेवला नव्हता तरी आजारी पडला. लोक यावरून म्हणतात सप्ताहाचा संबंधच नाही आणि तुला वाटते प्रसादानं झालं, आणि माझं ऐकशील तर दोन्ही बाजू एकाच जागी चुकून राहिल्या.

जेवणातून विषबाधा झाली असती तर ती अशी आली नसती. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असली आणि त्यातले जंतू अन्नात वाढले तर जेवल्यापासून एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात, म्हणजे लोक घरी पोचायच्या आधीच कळलं असतं. वरणाचं नाहीतर भाजीचं मोठं गंज तासन्‌तास कोमट पडून राहिलं तर रात्रीतून, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोट जाते. आणि अशी विषबाधा ज्यानं खाल्लं त्यालाच होते. तुमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू झालं, आठवडाभर एकेक घर धरत गेलं, आणि न जेवलेलं पोरगंही आजारी पडलं. मग ते पोरगं मांडवात बसून काय करत होतं? पाणी पीत होतं. मला तर त्या टँकरवरच शंका आहे. आधी पाणी, आणि मग घरातल्या घरात एकाच्या हातानं दुसऱ्याला. आजारी लेकराचं धुऊन तीच माय स्वयंपाकाला लागते, साबण असतोच असं नाही, मग तिसऱ्या दिवशी आजी आजारी, चौथ्या दिवशी बाप. लोकांना वाटते हवा बदलली.

हे असं शोधून काढायची पद्धत फार जुनी आहे. १८५४ साली लंडनमध्ये सोहो नावाच्या भागात पटकीची, म्हणजे कॉलराची साथ आली. तेव्हा डॉक्टरसुद्धा म्हणत की घाण हवेनं होते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघरी फिरून विचारलं, तुमच्या घरचं कोण गेलं आणि पाणी कुठलं प्यायचे, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशीभोवती मरणं जास्त आहेत हे दाखवून दिलं. त्या हापशीचा दांडा काढून घेतला. तुला दांडा काढायचा नाही, पण वही घेऊन तेच विचारता येईल. आशाताईला सोबत घे, मागच्या वर्षी ज्या घरात आजार झाला त्या घरांत जा, कोणत्या दिवशी सुरू झालं, जेवले होते का, मांडवातलं पाणी प्यायले होते का, एवढे तीनच प्रश्न विचार. वर्ष झालं तरी लोकांना हे आठवते, सलाईन लागलेलं लेकरू कोण विसरेल. ही वही तुझ्याजवळ असली तर मामाजींसमोर तुला मोठ्यानं बोलायची गरज पडणार नाही.

टँकरचं थोडं सांगते, कारण खरी गोष्ट तिथं आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरचा टँकर एका कामाचा नसतो, आज बांधकामावर पाणी मारतो, उद्या फवारणीला शेतात, परवा लग्नात. आतून कोण धुते? शेतातली विहीर बिनकठड्याची, आजूबाजूला लोक सकाळी बसतात, पाऊस नसला तरी बादली-दोर-पाय सगळं तिथंच. आणि पटकीचं वैशिष्ट्य असं की ज्यांच्या पोटात जंतू जातात त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही नाहीतर थोडंसं पोट बिघडते, ते धडधाकट फिरतात, पण संडासातून जंतू बाहेर पडत राहतात. म्हणून 'आमच्या गावात तर कोणी आजारी नव्हतं' याला काही अर्थ राहत नाही. रोज एका विहिरीवर दोन घरं पाणी पितात तेव्हा आजार झाला तर दोन घरात होते, सप्ताहात त्याच विहिरीवर सहा गावं पाणी पितात. गर्दीचा दोष म्हणशील तर तो हा आहे. दरवेळी गर्दीच आजार आणते असं नाही, एका विहिरीतली घाण सहा गावांत वाटायचं काम मात्र ती करते, आणि मग ज्याचा त्याचा आजार घेऊन लोक आपापल्या गावी जातात.

१८६७ चा हरिद्वारचा कुंभमेळा बघ. लाखो यात्रेकरू, गंगेच्या काठावर मुक्काम, तिथं पटकी उठली आणि लोक परत निघाले तशी रस्त्या-रस्त्यानं उत्तर हिंदुस्थानभर पसरली. पंढरपूरच्या वारीलाही जुन्या काळी पटकीनं फार माणसं नेली, पटकीची सुई टोचून वारीला जावं लागायचं हे तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वारकऱ्याला आठवत असेल. आता त्याच्या बाजूला २०१३ चा प्रयागचा कुंभ ठेव, ५५ दिवस चालला, कोट्यवधी लोक येऊन गेले, गर्दी कितीतरी पट जास्त, आणि पटकीची तशी मोठी साथ उठली नाही. श्रद्धा तीच, गंगाही तीच. फरक पडला तो क्लोरीन टाकलेल्या नळाच्या पाण्यानं, हजारो संडासांनी, आणि दवाखान्यात रोज कोणत्या आजाराचे किती पेशंट आले हे बघत बसणाऱ्या लोकांनी. हजचंही तसंच, तिथं १९८७ साली मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची साथ झाली तर सौदी सरकारनं हज बंद नाही केला, लस घेतल्याशिवाय येऊ नका असा नियम केला, तो आजही आहे. म्हणून म्हणते, करायचा की नाही या भांडणात पडूच नको. कसा करायचा हे बोल.

आता लोक अंगावर का आले ते समजून घे, कारण मला वाटते तुला त्याचंच जास्त दुःख झालं आहे.

सप्ताह म्हणजे गावातल्या किती म्हाताऱ्या बायांसाठी वर्षातले तेवढेच सात दिवस असतात बाई. मुलगा पुण्याला, सून आपल्या कामात, दिवसभर बोलायला कोणी नाही, आणि या सात दिवसांत ती रोज संध्याकाळी धुतलेलं लुगडं नेसून पहिल्या ओळीत बसते, लोक तिला विचारतात माय बरी आहेस का. एकट्या राहिलेल्या बाईला, कर्जात बुडालेल्या माणसाला, पोरगा गेलेल्या बापाला पंगतीत सगळ्यांच्या बरोबरीनं बसायला मिळते. याचा तब्येतीलाही फायदा होते. प्रयागच्या माघमेळ्यात महिनाभर थंडीत नदीकाठी राहून कल्पवासाचं व्रत करणाऱ्या लोकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात मेळ्याला न गेलेल्यांच्या तुलनेत जाऊन आलेल्या लोकांना स्वतःची तब्येत आणि मन जास्त बरं वाटत होतं, आणि हे घरी परतल्यावर काही आठवड्यांनी विचारलेलं. तू 'लहान करू' म्हटलं तेव्हा त्यांना असं ऐकू आलं की हेच काढून घेऊन राहिली.

पण त्याच आपलेपणाची दुसरी बाजूही आहे, आणि ती तुला कामी पडेल. आपली माणसं आहेत म्हटलं की माणसाची किळस कमी होते, सावधपणा कमी होते. यावरही मानसशास्त्रवाल्यांनी अभ्यास केले आहेत, परक्याच्या घामाच्या कपड्याची जेवढी किळस येते तेवढी आपल्या गटातल्या माणसाच्या कपड्याची येत नाही. आपण तर हे रोजच बघतो, एसटी स्टँडवर कोणाचा उष्टा गिलास तोंडाला लावणार नाही ती बाई मांडवात एकाच गिलासानं दहा जणींसोबत पाणी पिते, एकमेकांची लेकरं मांडीवर घेते, खोकला आला तरी उठून जात नाही कारण कीर्तनातून उठणं बरं दिसत नाही. आणि आजारी माणूसही येते. का येते? न आलं तर बोल लागतो, अमक्याच्या घरचं कोणी आलं नाही. अंगात ताप घेऊन वाढायला उभे राहणारे पोट्टे मी स्वतः पाहिले आहेत, त्यांना वाटते मागं राहिलो तर लोक काय म्हणतील. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, प्रेमापोटीच होते सगळं, आणि म्हणूनच दटावून थांबत नाही.

दटावल्यानं काय होते तेही आपण पाहिलं आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, सोल्जर घरात घुसून पेशंट शोधू लागले, तर लोकांनी आजारी माणसं लपवली, गाव सोडून पळाले आणि जिथं गेले तिथं प्लेग घेऊन गेले. कोरोनात २०२० साली आपल्याकडे गावांच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, टेस्टला नेतील म्हणून ताप आलेले लोक शेतात जाऊन झोपायचे, हे तर तुझ्या डोळ्यासमोरचं असेल. भीती आणि लाज या दोन गोष्टी मधात आल्या की माणूस आजार सांगत नाही, आणि न सांगितलेल्या आजाराला आशाताई काय करेल, डॉक्टर काय करेल?

तर मामाजींशी मीटिंगमध्ये बोलू नको आता. घरी बोल, जेवण झाल्यावर, सासूबाई बाजूला असताना. महाप्रसाद मोठा होऊ द्या म्हण, मागच्या वर्षीपेक्षा मोठा होऊ द्या. प्रसादाला नाव ठेवणारी मीच होती, वही करून पाहिल्यावर दिसते की बिचाऱ्या प्रसादाचा दोष कमी आणि टँकरच्या पाण्याचा जास्त आहे, असं म्हण. हे ऐकून त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल बघ, कारण अध्यक्ष म्हणून वर्षभर त्यांच्याही मनात ते असेलच, आपल्या हातून गावाला आजार झाला का म्हणून. आणि मग एकच मागणं माग, पाण्याचं काम माझ्याकडे द्या. बाकी स्वयंपाक, मांडव, वर्गणी, महाराजांचं मानधन, कशातच हात घालू नको. ऐकलंच नाही तर गाडगेबाबांची आठवण दे. ते आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे, गावात गेले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री, पंढरपूरच्या यात्रेत तर देवळात जायचं सोडून वाळवंट झाडत राहायचे. स्वच्छतेला देवाच्या कामाच्या बाहेर ठेवायची पद्धत वऱ्हाडातल्या माणसानं तरी मानू नये.

आणि महाराजांना, म्हणजे सप्ताहाला जे कथाकार येणार आहेत त्यांना, आधीच फोन करायला लाव. व्यासपीठावरून त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हात धुऊन पंगतीत बसा, एका गिलासानं पिऊ नका, तर जे तू महिनाभर सांगून होणार नाही ते एका संध्याकाळी होईल. पहिल्या पंगतीला मामाजी आणि सरपंच साबणानं हात धुऊन बसले की मागचे आपोआप धुतात, माणूस बोर्ड वाचून नाही, पुढच्या माणसाकडे बघून वागतो.

पाण्याचं काम हातात आलं की आधी विहीर. जमलं तर शेतातली विहीर सोडून ग्रामपंचायतीच्या बोअरचं नाहीतर योजनेचं पाणी टँकरमध्ये भरा, आदल्या दिवसापासून दोन खेपा जास्त मारल्या तर होऊन जाते. टँकर आतून घासून, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन घ्यायचा. फवारणीच्या औषधाचे रिकामे ड्रम पाण्याला लावायचे नाहीत म्हणजे नाहीत, कितीही धुतले तरी नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, तुमच्या गावच्या कोण आहेत ते शोध, त्यांच्याजवळ किट असते. त्यातली जंतू तपासायची बाटली काळी पडते का हे कळायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून हे सप्ताह बसायच्या आठ दिवस आधी कर. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेलं जे पोतं असते ना त्याच्यावर भरवसा ठेवू नको, उघडी राहिलेली पावडर बेकार होते, नाकात झोंबणारा वास येत नसला तर तिच्यात काही उरलं नाही. पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, ताजी माग. किती टाकायची ते जलसुरक्षकाला नाहीतर आरोग्यसेवकाला समोर उभं करून टाकून घे, गढूळ पाण्याला जास्त लागते. टाकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मग ओटी टेस्ट, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, लिटरमागे अर्धा मिलीग्रॅम शिल्लक पाहिजे. पाण्याला वास येतो म्हणून लोक कुरकुर करतील. करू दे. ही टेस्ट सातही दिवस, प्रत्येक खेपेला, एकदा करून मोकळं होऊ नको, टँकर दर खेपेला नवीन पाणी घेऊन येते.

पाण्याच्या ड्रमला तोटी लावून घे. तोटी नसली तर लांब दांड्याचं वगराळं आणि वाढायला दोन पोरं, बाकी कोणाचा हात ड्रमात जाता कामा नये. लेकरं गिलास बुडवतात, तिथंच सगळं वाया जाते. तीर्थाचं पाणीही याच ड्रमातलं असू दे.

काल्याचं मात्र वेगळं लक्ष ठेव, कारण दही, पोहे, लाह्या, सगळं कच्चं आणि हातानं कालवलेलं, हातानंच वाटलेलं. वरण-भात-वांग्याची भाजी उकळते, त्यात जंतू मरतात, काल्यात मरायला जागाच नाही. कालवणारे दोन-तीनच जण ठेवा, कोपरापर्यंत साबणानं हात धुतलेले, बोटाला जखम नसलेले. सॅनिटायझरवर इथं विसंबू नका, उलटी-जुलाबाच्या काही विषाणूंवर ते नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच पाहिजे. स्वयंपाकाचं तू बघू नको म्हटलं तरी मामाजींच्या कानावर एवढं घाल की आचारी आणि वाढपी यांच्यातल्या कोणाचं गेल्या दोन-तीन दिवसांत पोट बिघडलं असेल तर त्याला दुसरं काम द्या, भात रात्रीच शिजवून ठेवू नका, आणि शिजलेलं दोन तासांच्या वर कोमट ठेवण्यापेक्षा दोन घाणे करा. सकाळची उरलेली भाजी संध्याकाळी गरम करून वाढतात, ते बंद करा. काही जंतूंचं विष गरम करूनही जात नाही.

बाहेरगावचे लोक संडासाला कुठं जातात हे कोणी विचारत नाही कधी. शाळेचे संडास सात दिवस उघडे ठेवायला हेडमास्तरांना लेखी द्या, पाण्याचा ड्रम आणि साबण तिथं ठेवा. बायांची किती सोय होईल ते वेगळंच.

आणि आजारी माणसानं घरी राहावं याच्यासाठी एक गोष्ट कर, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानंच पडेल. कमिटीकडून जाहीर करून घे की ज्याच्या घरी ताप, खोकला, हगवण आहे त्यानं निरोप द्यावा, प्रसाद त्याच्या घरी पोचवून देऊ. भजनी मंडळाची चार पोरं डबे घेऊन जातील. मग घरी राहणं म्हणजे न येणं होत नाही, त्याचा मान राहते, बोल लागत नाही. आणि तुला आपोआप कळते की गावात कोण-कोण आजारी आहे, आशाताईच्या वहीत आदल्या दिवशीच नावं येतात.

मांडवाचे बाजूचे पडदे थंडीच्या नावानं बंद करू देऊ नको. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत स्कॅजिट नावाच्या भागात एक गाण्याची प्रॅक्टिस झाली, बंद हॉल, ६१ लोक, अडीच तास, आणि त्यातले ५३ जण कोरोनानं आजारी पडले, दोघं गेले. मोठ्यानं गाताना तोंडातून नुसत्या बोलण्यापेक्षा जास्त बारीक थेंब बाहेर पडतात. भजन तर आपण मोठ्यानंच म्हणणार ना, मग निदान हवा खेळती राहू द्या, म्हाताऱ्यांना मधात बसवा, शाली द्या.

एवढं करूनही कोणाला हगवण लागली तर पहिली गोष्ट ओआरएस. सलाईनची वाट पाहायची नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपल्या, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये करून नातेवाइकांच्या हातानं पाजलं, आणि जिथं शंभरात तीसेक मरत होते तिथं चारच्या आत आले. पाकीट नसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. पाकीट असलं तर त्याच्यावर किती पाण्यात टाकायचं ते वाचून, काही पाकिटं लिटरची असतात काही गिलासभर पाण्याची. लेकराला सोबत झिंकच्या गोळ्या, आशाताईकडे असतात, चौदा दिवस. लेकरू सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिणं सोडलं, लघवी होत नाही, संडासातून रक्त पडते, नाहीतर तांदळाच्या धुवणासारखी संडास लागली तर १०८ ला फोन, रात्र असली तरी. आणि एकाच दिवशी दोन-तीन घरात लागलं तर पीएचसीला लगेच कळव, गावाचं नाव खराब होईल म्हणून दोन दिवस दाबून ठेवू नका.

आता तुझी पोरगी.

गोवर पाण्याचा आजार नाही, हवेचा आहे, त्यामुळे वरचं सगळं केलं तरी तो थांबत नाही. फार पटकन पसरते तो, पेशंट उठून गेल्यावरही बंद जागेत दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहतो, आणि अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देत असतो, म्हणजे तेव्हा नुसता सर्दी-ताप वाटते. लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. तुझी सात महिन्यांची आहे, तिला लस मिळालेली नाही आणि तुझ्याकडून मिळालेली ताकद या वयात कमी होत जाते. म्हणून तिला यंदा मांडवात न्यायचं नाही, पाया पाडायलाही नाही, महाराजांच्या मांडीवर द्यायलाही नाही. हे मी साफ सांगते, इथं मन राखत बसू नको. साथ असली तर सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जास्तीचा एक डोस द्यायचा निर्णय आरोग्य खातं घेते, २०२२ च्या शेवटी मुंबई-मालेगावकडे गोवर वाढला तेव्हा घेतला होता. शेजारच्या गावात पेशंट आहेत तर पीएचसीच्या डॉक्टरांना जाऊन विचार, माझ्या लेकराला देता का, आणि दिला तरी नऊ महिन्यांचा डोस पुन्हा घ्यायचाच असतो.

सप्ताहाच्या आधी आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या रजिस्टरमधून पाच वर्षांच्या आतल्या ज्या लेकरांचा एखादा डोस राहिला असेल त्यांची यादी काढून घे. शंभरातल्या पंचाण्णव लेकरांना दोन्ही डोस झाले असले तर गोवर गावात पाय पसरू शकत नाही, त्याच्या खाली आलं की पसरते. डोस घेतल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. आणि कोणाच्या घरी गोवर निघालाच तर आपल्याकडे माय, म्हणजे देवी, आली म्हणतात, निंबाचा पाला बांधतात, शेजारपाजारच्या बाया लेकरं कडेवर घेऊन बघायला जातात. पाला बांधू द्या, पूजा करू द्या, पण बघायला जाणं तेवढं बंद करा, आणि लेकराला दवाखान्यात नेऊन व्हिटॅमिन ए चे दोन डोस द्या, डोळे वाचतात, जीव वाचतो.

तुमच्या स्वतःच्या गावात सप्ताहाच्या तोंडावर गोवरचे पेशंट निघाले तर मात्र तारीख पुढे ढकलण्याचं बोलावं लागेल, आणि ते तू एकटीनं बोलू नको, पीएचसीच्या डॉक्टरांना कमिटीसमोर बसव. पुढे ढकलणं म्हणजे मोडणं नाही. २०२० मध्ये आषाढी वारी पायी निघाली नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, वारकऱ्यांनी घरून हात जोडले, आणि पुढे वारी पुन्हा पायी सुरू झालीच. मामाजी वारकरी असतील तर त्यांना हे तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

गप्प बसू नको. वही आजच सुरू कर, आणि सासूबाईंना विचारून ठेव की सात दिवस संध्याकाळी बाळाजवळ आळीपाळीनं कोण थांबणार, म्हणजे तुलाही दोन-तीन दिवस कीर्तनाला बसता येईल.